मोटारीची साक्ष

टांग्याची कमान मोडली म्हणजे ती सगळ्या रस्त्याला कळत असे. टांगेवाला खालीं उतरे, वांकून पाही, आणि मोडलेला पाटा त्याच्या डोळ्यांपुढें असे. दोष आणि दोषाचें ठिकाण हीं दोन्ही एकाच जागीं सांपडत. जुन्या मोटारगाड्यांचेंहि पुष्कळ अंशीं असेंच होतें. कुरकुर कोणत्या चाकापाशीं होते हें कान देऊन ऐकलें म्हणजे निम्मी परीक्षा होऊन जाई. आतांच्या कित्येक गाड्यांत मात्र चालकासमोर एक लहानसा दिवा लागतो, आणि गाडी आपली तक्रार आवाजानें न सांगतां अंकांनीं सांगते. हे अंक वाचणें ही एक विद्याच होऊन बसली आहे; आणि इतर विद्यांप्रमाणें हिच्यांतहि अक्षर ओळखणें ही एक गोष्ट आणि अर्थ समजणें ही दुसरी गोष्ट आहे. या दोहोंतला भेद लक्षांत न घेतल्यामुळें पुष्कळांचें द्रव्य व्यर्थ जातें. म्हणून या विषयाचा थोडा क्रमवार विचार करणें उपयोगाचें होईल.

गाडीचें ओझें चाकांवर लवचिकपणें तोलून धरणारी जी रचना, तिला सस्पेन्शन म्हणतात. तिच्यांत मुख्य अवयव दोन. एक स्प्रिंग, जी धक्का सोसते. आणि दुसरा शॉक-अॅब्सॉर्बर, जो स्प्रिंगेचें नाचणें आवरतो. साध्या गाडींत हे दोन्ही अवयव एकदां बसविले म्हणजे त्यांचा गुण ठरून जातो. स्प्रिंग मऊ असेल तर बसणारास सुख होतें, पण वळणावर गाडी कलते. ताठ असेल तर गाडी ठाम राहते, पण हाडें खिळखिळीं होतात. हीं दोन्ही सुखें एकाच गाडींत कशीं आणावीं, हा गाडी बांधणारांपुढचा फार जुना प्रश्न आहे. १९५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत सित्रोएन कंपनीनें आपली डी. एस. ही गाडी मांडली. तिच्यांत पोलादी स्प्रिंगांच्या ऐवजीं तेल आणि दाबून भरलेला वायु यांची योजना होती. पुढें विद्युत्-यंत्रें लहान आणि स्वस्त झालीं, तेव्हां तोलण्याचें हें काम संगणकाकडे देतां येऊं लागलें. १९८३ सालीं जपानच्या टोयोटा कंपनीनें सोअरर नांवाच्या गाडींत शॉक-अॅब्सॉर्बरचा ताठपणा विजेनें कमीजास्त करण्याची सोय केली. १९८९ सालीं त्याच कंपनीची जी मोठी गाडी जपानांत सेल्सिओर आणि अमेरिकेंत लेक्सस एल. एस. ४०० या नांवानें निघाली, तिच्या कांहीं प्रकारांत हवेचें सस्पेन्शनहि होतें. त्याच गाडीचें उदाहरण येथें घेतलें आहे. कारण तिच्या दोषांकांची रचना सुबोध आहे, आणि एक रचना नीट समजली म्हणजे इतर समजण्यास वेळ लागत नाहीं.

या रचनेंत प्रत्येक चाकाशीं रबराची एक जाड हवापिशवी असते. हवा भरण्यासाठीं विजेवर चालणारा पंप असतो, त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. हवा आंत सोडणाऱ्या झडपा असतात, आणि नको असलेली हवा बाहेर टाकणारीहि एक झडप असते. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा एक संवेदक, म्हणजे सेन्सर, असतो. चाक धरून ठेवणाऱ्या भुजेशीं हा संवेदक एका बारीक दांडीनें जोडलेला असतो. गाडी खालीं बसली किंवा वर उठली कीं दांडी त्याचा हात फिरविते, आणि तेवढ्यावरून संगणकास उंची कळते. मागच्या आसनावर तीन माणसें बसलीं कीं गाडीचा मागचा भाग दबतो. संगणक क्षणभर वाट पाहतो, कारण प्रत्येक खड्ड्याला उत्तर देणें त्याचें काम नव्हे. उंची खरोखरच कमी झाली आहे अशी खात्री पटली म्हणजे तो पंप चालू करतो, मागच्या झडपा उघडतो, आणि गाडी पूर्ववत् झाली कीं दोन्ही बंद करतो. माणसें उतरलीं म्हणजे जास्तीची हवा बाहेर सोडतो.

आतां या संगणकाला दोष कसा कळतो? त्याला डोळे नाहींत. पिशवीला पडलेली भेग त्याला दिसत नाहीं, आणि गंजलेली तार त्याच्या हातीं लागत नाहीं. त्याच्यापाशीं दोनच साधनें आहेत: तारांवरील विजेचा दाब आणि घड्याळ. पुष्कळ गाड्यांत उंचीच्या संवेदकाला पांच व्होल्टांचा दाब दिलेला असतो, आणि त्याचें उत्तर साधारणतः अर्ध्या व्होल्टापासून साडेचार व्होल्टांपर्यंतच यावें अशी योजना असते. उत्तर शून्य आलें किंवा पुरे पांच आलें, तर अशी उंची जगांत असूंच शकत नाहीं. म्हणजे तार तुटली असावी किंवा दुसऱ्या तारेला चिकटली असावी, असें अनुमान संगणक काढतो. ही झाली दाबाची परीक्षा. घड्याळाची परीक्षा निराळी. गाडी उचलण्यास पंपाला ठराविक वेळ पुरावयास हवा. तो वेळ उलटून गेला आणि पंप चालूच राहिला, तर कोठेंतरी बिघाड आहे असें संगणक ठरवितो. आणि पंप तापून जळूं नये म्हणून त्याला थांबवितो. दोन्ही प्रसंगीं तो आपल्या स्मृतींत एक अंक लिहून ठेवतो आणि चालकासमोरचा दिवा लावतो. हाच दोषांक, गॅरेजांत त्यालाच कोड म्हणतात.

पूर्वीच्या गाड्यांत हा अंक वाचण्यास कोणतेंहि महाग यंत्र लागत नसे. गाडींत परीक्षेसाठीं एक जोडपेटी ठेवलेली असे. तिच्यांतील टी. सी. आणि ई. १ असें लिहिलेलीं दोन टोकें तारेच्या लहान तुकड्यानें जोडावयाचीं आणि किल्ली फिरवावयाची, कीं उंचीचा दिवा लुकलुकूं लागे. टोकें कोणतीं हें गाडीच्या माहितीपुस्तकांत पाहूनच जोडावीं लागत. चुकीचीं टोकें जोडल्यास फ्यूज जाण्याचा किंवा खुद्द संगणकच बिघडण्याचा धोका असे. दिवा पाव पाव सेकंदानें सारखा, न थांबतां लुकलुकला, तर सांगण्यासारखें कांहीं नाहीं असा त्याचा अर्थ. दोष असेल तर लुकलुकण्याची चाल बदले. प्रत्येक दोषांक दोन आंकड्यांचा. पहिला आंकडा जितका, तितक्या वेळां दिवा अर्ध्या अर्ध्या सेकंदानें लागे. मग दीड सेकंद विराम. मग दुसरा आंकडा. एका दोषांकानंतर दुसरा असेल तर मध्यें अडीच सेकंदांचा विराम. सर्व अंक सांगून झाले म्हणजे साडेचार सेकंदांचा मोठा विराम, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ. अनेक अंक असले तर लहान अंक आधीं येई.

समजा, १३ आणि ५१ असे दोन दोषांक सांठविलेले आहेत. दिवा एकदां लागेल. दीड सेकंद थांबून तीनदां लागेल. अडीच सेकंद थांबून पांचदां. पुन्हां दीड सेकंद थांबून एकदां. आणि मग मोठा विराम. जो घाईनें मधूनच मोजूं लागेल, तो तीन आणि पांच यांची जोडी लावून ३५ असें वाचील, आणि नसलेल्या दोषाच्या मागें लागेल. म्हणून मोठा विराम येईपर्यंत स्वस्थ बसावें, त्यानंतर मोजण्यास सुरवात करावी, कागदावर लिहावें, आणि तीच ओळ तीन वेळां सारखी आली तरच ती खरी मानावी. शुद्धलेखनाला जें धोरण लागतें, तेंच येथेंहि लागतें.

पुढें ही भाषा बदलली. अमेरिकेंत १९९६ सालापासून प्रत्येक नव्या मोटारींत सोळा टोकांची एकाच घडणीची जोडपेटी असावी असा नियम झाला. युरोपांत पेट्रोलच्या गाड्यांना २००१ पासून तसाच नियम लागू झाला. आणि भारतांत २०१० नंतर ही पद्धति टप्प्याटप्प्यानें आली. या पद्धतींत दोषांक पांच चिन्हांचा असतो, आणि तो वाचनयंत्राच्या पडद्यावर अक्षरांनीं उमटतो. पहिलें चिन्ह रोमन अक्षर असतें. पी म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा भाग. बी म्हणजे गाडीचें अंग. सी म्हणजे चाकें, ब्रेक, सुकाणू आणि सस्पेन्शन यांचा सांगाडा. आणि यू म्हणजे निरनिराळ्या संगणकांचें आपसांतलें दळणवळण. दुसऱ्या जागीं शून्य असेल तर दोषांक सर्व कंपन्यांना समाईक, आणि एक असेल तर तो त्या त्या कंपनीनें स्वतः ठरविलेला. हवेच्या सस्पेन्शनचे बहुतेक अंक या दुसऱ्या जातीचे असतात. म्हणून एका कंपनीच्या गाडीचा अंक दुसऱ्या कंपनीच्या यादींत शोधणें म्हणजे एका गांवच्या पत्त्यावरून दुसऱ्या गांवांत घर शोधणें होय. टोयोटानें मात्र जुन्याचा धागा तोडला नाहीं. लुकलुकणाऱ्या दिव्याचा जो ११, तोच नव्या पद्धतींत सी १७११. जो ५१, तोच सी १७५१. शेवटचे दोन आंकडे तेच राहिले.

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारांत मिळणारीं स्वस्त वाचनयंत्रें बहुधा फक्त पी अक्षराचेच अंक वाचतात. कारण कायद्याचा कटाक्ष इंजिनाच्या धुरावर होता, सस्पेन्शनवर नव्हता. असें यंत्र गाडीला लावलें आणि त्यानें 'दोष नाहीं' असें दाखविलें, तर त्याचा अर्थ एवढाच कीं त्यानें सस्पेन्शनच्या संगणकाला प्रश्नच विचारला नाहीं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाहीं. आणि उत्तर न येणें म्हणजे 'सर्व ठीक' असें उत्तर नव्हे.

आतां मुख्य प्रश्न. अंक वाचला, पुढें काय? वर सांगितलेल्या रचनेंत ११ ते १४ हे अंक उंचीच्या चार संवेदकांचे आहेत: ११ पुढचा उजवा, १२ पुढचा डावा, १३ मागचा उजवा, १४ मागचा डावा. उजवें-डावें हें चालकाच्या आसनावर बसून पुढें पाहणाराचें. गाडीसमोर उभें राहणाराचें नव्हे. ५१ चा अर्थ यादींत असा दिलेला असतो कीं, पंपाला वीज सतत, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षां अधिक काळ, दिली जात आहे. कांहीं ठिकाणीं ही यादी वाचून पंप बदलला जातो. नवा पंप कांहीं दिवस चांगला चालतो, आणि मग तोच दिवा, तोच ५१. मालक पंपाला दोष देतो, गॅरेजवाला नशिबाला; आणि अंकानें तर खोटें कांहींच सांगितलेलें नसतें. 'पंप फार वेळ चालला' एवढेंच त्यानें सांगितलें होतें. 'पंप नादुरुस्त आहे' हें वाचणारानें आपल्या पदरचें जोडलें.

पंप फार वेळ कां चालला, याचीं कारणें अनेक असूं शकतात. पंप स्वतः झिजला असेल. गाडीवर मर्यादेबाहेर ओझें असेल. पण जुन्या गाडींत पहिला संशय हवापिशवीवर घ्यावा. रबर जेथें दुमडतें तेथें वर्षांनुवर्षें तेंच तेंच हलून त्याला बारीक भेगा पडतात. हवा झिरपते, गाडी खालीं बसते, पंप पुन्हां पुन्हां भरतो, तापतो आणि अखेर जळतो. म्हणजे जळालेला पंप हा रोग नव्हे, रोगाचा परिणाम होय. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. संध्याकाळीं सपाट जागेवर गाडी उभी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर चारी कोपऱ्यांत मोजून लिहावें. सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं पुन्हां मोजावें. जो कोपरा बसला असेल, तेथें पिशवी, नळी आणि नळीचे सांधे यांवर साबणाचें पाणी लावावें. जेथें बुडबुडे येतील तेथें दोष. या परीक्षेला फूटपट्टी, साबण आणि एक रात्र लागते. परंतु एका रात्रीची वाट न पाहिल्यामुळें माणूस पंपाची किंमत देऊन बसतो.

याहूनहि शिकण्यासारखें दुसरें एक उदाहरण आहे. संवेदकाची ती बारीक दांडी गंजून तुटली असें समजा. चाकांजवळ चिखलपाणी उडतें, आणि थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात, त्यामुळें असें घडतें. दांडी तुटली तरी संवेदकाची वीज शाबूत असते. त्याचें उत्तर दोन मर्यादांच्या आंतच येतें. म्हणून ११ ते १४ यांपैकीं एकहि अंक उमटत नाहीं. पण त्याचा सुटलेला हात 'गाडी दबली आहे' असें सारखें सांगत राहूं शकतो. संगणक विश्वास ठेवतो, पंप चालवितो, आणि अखेर ५१ लिहितो. दोष संवेदकाच्या दांडींत, आणि नांव पंपाचें! उलट तो हात 'गाडी उंच आहे' असें सांगत राहिला, तर हवा बाहेर सोडण्याचेंच काम चालू राहतें आणि ५२ उमटतो. वांकून चाकामागें एकदां पाहिलें असतें, तर तुटलेली दांडी तत्काळ दिसली असती. टांगेवाला जें करी, तेंच येथें करावयाचें राहून गेलें.

आणि ७१ या अंकाची गोष्ट तर गमतीची आहे. या गाडीच्या मागच्या सामानाच्या कप्प्यांत उंचीची यंत्रणा बंद करण्याची एक कळ असते. ती कोणी बंद करून ठेवली, तर ७१ उमटतो. म्हणजे यंत्र बिघडलेलें नाहीं. कोणीतरी कळ दाबून विसरला आहे. कळ पूर्ववत् केली कीं रोग बरा. सुटे भाग मागविण्यापूर्वीं एवढें पाहून घेणें बरें.

यावरून परीक्षेचा क्रम ठरतो. प्रथम मालकाला विचारावें: दिवा केव्हां लागला, गाडी केव्हां बसते, अलीकडे कोणतें काम झालें. मग अंक वाचून लिहून घ्यावेत. बॅटरीचा दाब पाहावा, कारण अशक्त बॅटरीवर संगणक नसत्या तक्रारी लिहितो. मग डोळ्यांनीं पाहावें: दांड्या, तारांचीं तोंडें, नळ्या, पिशव्या. मग मोजावें. तारांची जोडणी सोडतांना किल्ली बंद असावी. नाहीं तर परीक्षकाच्या हातूनच नवा दोषांक जन्मास येतो आणि तोच पुढें त्याला फसवितो. दुरुस्ती झाली म्हणजे स्मृति पुसावी, गाडी चालवून पाहावी, आणि पुन्हां वाचावें. जुना अंक परत आला नाहीं, तरच काम झालें असें म्हणावें.

या सर्वांत एक सूचना कधींहि विसरूं नये, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. हवेवर तोललेली गाडी केव्हांहि खालीं बसूं शकते. संगणकानें हवा सोडली तरी, आणि पिशवी फुटली तरी. म्हणून जॅक लावण्यापूर्वीं ती वर सांगितलेली कळ बंद करावी, गाडीखालीं पक्के आधार द्यावेत, आणि नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. काम संपल्यावर कळ पुन्हां चालू करावी. नाहीं तर तोच ७१ उमटेल. पण तो विसर स्वस्तांत पडतो. पहिला विसर स्वस्तांत पडत नाहीं.

अखेर स्मृति पुसण्याविषयीं. फ्यूज काढून किंवा वाचनयंत्रावरील एक कळ दाबून सगळे दोषांक क्षणांत पुसतां येतात, आणि दिवा विझतो. कांहीं लोक यालाच दुरुस्ती समजतात, आणि कांहीं लोक जुनी गाडी विकण्याच्या आदल्या दिवशीं हेंच करतात. दिवा विझला म्हणून पिशवीची भेग बुजत नाहीं. जुनी गाडी घेणारानें दिवा विझलेला पाहून समाधान मानूं नये. शक्य असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं तिचे चारी कोपरे पाहावेत. पुसलेली स्मृति कांहीं सांगत नाहीं, पण बसलेला कोपरा सांगितल्याशिवाय राहत नाहीं.

दोषांक ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीदारानें जें पाहिलें तेवढेंच तो सांगतो. आणि या साक्षीदाराला तर विजेचा दाब आणि घड्याळ यांपलीकडे कांहीं दिसतच नाहीं. त्याला खोटें बोलतां येत नाहीं, हा त्याचा गुण; त्याला सर्व माहीत नसतें, ही त्याची मर्यादा. त्याची साक्ष शांतपणें ऐकावी, जशीच्या तशी लिहून घ्यावी, ती पुसूं नये, आणि मग उठून, वांकून, आपल्या डोळ्यांनीं पाहून निकाल द्यावा. यंत्रें कितीहि शहाणीं झालीं, तरी वांकून पाहण्याचें काम अद्याप माणसाकडेच आहे.